करार क्रमांक सतरा

त्या घरात एक वही होती आणि ती दोन्ही बाजूंनी भरत चालली होती. पुढून उघडली की बाळाची नोंद: किती वाजता प्यायली, कुठल्या बाजूला, किती वेळ झोपली, शी झाली का आणि झाली तर कुठल्या रंगाची. उलटी करून मागून उघडली की ब्रिजचे करार. दोन्हीकडचं अक्षर एकाच बाईचं, टपोरं आणि उभं, ऑपरेशन थिएटरच्या फळ्यावर अठ्ठावीस वर्षं लिहून लिहून घडलेलं.

ही बाई म्हणजे सासूबाई. सगळं जग त्यांना सिस्टर म्हणायचं. हॉस्पिटलात म्हणायचे ते समजू शकतो, पण निवृत्त झाल्यावरही शेजारी, दूधवाला, आणि चेष्टेत पोटचा मुलगासुद्धा सिस्टरच म्हणे. आई म्हणणारी एकटी सून. आणि या सुनेचं ब्रिजच्या क्लबात नाव पडलं होतं तराजू, कारण ती वजनमापे खात्यात निरीक्षक होती. प्रमाणित वजनांची जड पेटी घेऊन दुकानादुकानांतून हिंडायचं, काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा. तपासल्यावाचून तिने आजवर एकाही काट्यावर शिक्का मारला नव्हता. एवढं ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

दोघींचं ब्रिज सुरू झालं ते तराजू पोटुशी असताना. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सक्त सांगितलं, पलंगावरून उतरायचं नाही. नवरा दिवसभर कामावर. सून छताकडे बघत पडलेली, सासू दाराशी उभी, आणि दोघींना बोलायला विषय नाही. सिस्टर मुळात कमी बोलणाऱ्या. सर्जनने हात पुढे करायच्या आत हातात बरोबर हत्यार द्यायचं, अशा कामात माणसाची बोलायची सवय सुटते. तिसऱ्या दिवशी त्या पत्त्यांचा जोड घेऊन आल्या आणि जेवणाच्या ट्रेवर पानं मांडली.

"हे बघ. चार जण. दोघं विरुद्ध दोघं, जोडीदार समोरासमोर. पानं वाटली की आधी बोली लावायची. तुझ्याकडे काय आहे ते तू मला बोलीतूनच सांगायचं. दोन बदाम, तीन इस्पिक, एक नो ट्रम्प, पास. एवढेच शब्द."

"आणि एवढ्यात नाही मावलं तर?"

"नाहीच मावत. म्हणून आधी ठरवून ठेवायचं, कुठल्या बोलीचा आपल्यात काय अर्थ. तो करार."

करार वहीत लिहायचा आणि त्यावर दोघींनी सही करायची, ही सिस्टरांची पद्धत. थिएटरात पोट शिवायच्या आधी कापसाचे बोळे दोघींनी मोजायचे आणि दोघींनी सही करायची असते. एकीची मोजणी धरत नाहीत. पहिला करार असा होता: गेमपर्यंत, म्हणजे चार बदाम किंवा चार इस्पिकसारख्या मोठ्या बोलीपर्यंत, पोचल्यावर एकीने बदल केला तर तो शेवटचा, दुसरीने गप्प बसायचं, भांडण घरी. पलंगावरून उतरायची परवानगी मिळेपर्यंत आठ करार झाले होते, आणि मिरीच्या जन्मानंतर दोन महिन्यांनी दोघी शनिवारच्या क्लबात जाऊ लागल्या तेव्हा तेरा.

मिरी म्हणजे बाळ. जन्मली तेव्हा मिरीएवढी होती म्हणे.

क्लब म्हणजे शिलाई मशीनच्या दुकानावरची एक लांबट खोली. हिरव्या कापडाची सहा टेबलं, भिंतीला लागून चहाची किटली, आणि एक पंखा, जो तिसऱ्या आकड्यावर ठेवला की पानं उडतात आणि दुसऱ्यावर ठेवला की माणसं घामाघूम होतात. दर शनिवारी दोन ते पाच. तेवढा वेळ नवरा मिरीला सांभाळायचा, आणि पाचला पाच कमी असताना तराजूच्या अंगातलं दूध बरोबर घड्याळ दाखवू लागायचं.

हे तीन तास तिला का हवे होते, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लोक म्हणत, तेवढाच विरंगुळा. विरंगुळा कसला, डोकं पिळवटून निघायचं. खरी गोष्ट अशी होती की घरी सिस्टर तिच्याशी "दूध उतू जाईल", "टोपडं घाल", "छत्री घे" एवढंच बोलत. पण टेबलावर त्याच बाई समोर बसून तेरा पानांआड तिच्या मनात काय चाललंय ते ओळखायला बघत, आणि स्वतःच्या मनातलं सांगत. बाळंतपणानंतरच्या काही दुपारी तराजू बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडून रडायची. त्याबद्दल सिस्टर कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. नळ सुटला की मिरीला उचलून जिन्यात फिरवायला न्यायच्या आणि नळ बंद झाल्यावर परत यायच्या. पण त्या आठवड्यात शनिवारी पहिल्याच डावाला सुनेने भीतभीत एक बोली लावली, आणि तिच्यावर विश्वास टाकून सासूने सरळ गेम म्हटला. तो झालाही. त्या दिवसापासून नळ कमी सुटू लागला.

तर तराजूची रजा संपून ती कामावर जाऊ लागल्यावर, एका सुट्टीच्या मंगळवारी दुपारी सिस्टरांना फोन आला.

तराजू मिरीला खांद्यावर टाकून पॅसेजमध्ये फेऱ्या घालत होती. खोलीचं दार अर्धवट उघडं. फोनवर दातांचे डॉक्टर होते, क्लबातले सगळ्यात भारी खेळाडू. सिस्टर आणि ते अकरा वर्षं जोडीने खेळले होते. मग सिस्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पाच महिने त्या घरात बसल्या, आणि तेवढ्यात डॉक्टरांनी वकीलबाईंबरोबर जोडी जमवली. भांडण नाही, तंटा नाही, जागा तेवढी गेली. त्या वकीलबाई, सरकारी वकील, आता बदली होऊन दुसऱ्या गावी चालल्या होत्या.

"हो, कळलं मला त्या चालल्यात ते," सिस्टर म्हणत होत्या. "नाही हो, गुडघा आता ठणठणीत आहे." मग बराच वेळ नुसतं हं, हं. आणि शेवटी: "आत्ता नाही सांगत. शनिवारचा खेळ होऊ द्या, मग सांगते."

मिरीला उचकी लागली. तराजू चवड्यांवर स्वयंपाकघरात गेली.

क्लबात एक म्हातारे मास्तर होते, गणिताचे, तेच पंच. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी एक नियम शिकवत. तुमच्या बोलीचा अर्थ विरुद्ध जोडीने विचारला तर तो तुमचा जोडीदार मोठ्याने सांगतो. ते त्यांच्यासाठी असतं. तुमच्या कानावर पडलं तरी ते तुम्ही वापरायचं नाही. कानच नाहीत असं धरून पुढची बोली लावायची. तराजूला हा नियम ऐकताक्षणी आवडला होता. पारड्याखाली बोट लावणारे दुकानदार तिने पुष्कळ पाहिले होते.

फोनवरचंही तिच्यासाठी नव्हतं. तिने ठरवलं, आपल्याला कान नाहीत. विचारायचं नाही. फक्त शनिवारी एकही चूक करायची नाही. तिने बुधवार ते शुक्रवार उठताबसता करार घोकले. भाजीच्या दुकानातल्या काट्यावर पाच किलो ठेवताना तिच्या ओठांवर नववा करार होता, आणि दुकानदार घाबरून म्हणाला, "बाई, काट्यात काही खोट आहे का?"

"नाही हो, काटा चांगलाय. मी माझं पाठ करतेय."

वहीतलं शेवटचं पान मात्र तिच्या वाचण्यातून राहून गेलं. सतरावा करार त्या पानावर एकटाच होता आणि ते पान मिरीच्या लसीच्या कार्डाला चिकटलं होतं. कशाने चिकटलं होतं ते लहान मूल असलेल्या घराला सांगायला नको.

शनिवार उजाडला. निघताना नवऱ्याने मिरीचा हात धरून हलवला. "आजीला सांग, आईवर ओरडू नको."

"मी ओरडते का?" सिस्टर म्हणाल्या.

"नाही. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसती बघतेस."

खेळ छान चालला होता. चारपर्यंत दोघी तिसऱ्या क्रमांकावर होत्या आणि सिस्टरांनी चहा पिताना "साखर कमी आहे" असं म्हटलं, म्हणजे त्या खुशीत होत्या. शेवटच्या फेरीला टेबल आलं ते नेमकं डॉक्टर आणि वकीलबाईंचं. डॉक्टर उंच, गोड बोलणारे, समोरच्याला आधी तोंड उघडायला लावून मग धीर देणारे. "या तराजूबाई," ते म्हणाले. "आज आमचं माप काढताय वाटतं."

दुसऱ्याच डावात सिस्टरांनी बोलीच्या पेटीतून एक नो ट्रम्पचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. म्हणजे त्यांचा हात भक्कम, पंधरा ते सतरा गुणांचा, चारी रंग सांभाळलेले. तराजूने स्वतःची पानं पाहिली. बदामाची सहा, राणी-गुलामासकट. इस्पिकची दोन, सत्ती आणि दुर्री. बाकी किरकोळ. अशा वेळी काय म्हणायचं हे ती झोपेतही सांगू शकली असती: दोन बदाम. बदाम लांब आहेत, हात अशक्त आहे, इथेच थांबू. तिने कार्ड ठेवलं.

सिस्टरांनी टेबलावर बोटाने टकटक केलं. या बोलीला खास अर्थ आहे, विचारायचं असेल तर विचारा, अशी ती खूण.

"काय अर्थ?" वकीलबाईंनी विचारलं.

"इस्पिक," सिस्टर म्हणाल्या. "पाच किंवा जास्त."

खाली रस्त्यावर कुणाचं तरी मूल रडू लागलं. तिचं नव्हतं, पण अंगाला ते कुठलं कळायला. तराजूच्या छातीत कळ आली आणि त्या कळेबरोबर ती दुपार जशीच्या तशी समोर उभी राहिली. मिरी पदराखाली चुटूचुटू पितेय, डोळे मिटत आलेत, दोघींचेही. सिस्टर खुर्ची ओढून बसल्यात. "सतरा. मी एक नो ट्रम्प म्हटलं आणि तू दोन बदाम म्हणालीस, तर तुझ्याकडे बदाम नाहीत, इस्पिक आहेत. मग मी दोन इस्पिक म्हणणार, म्हणजे मोठा हात झाकलेला राहतो. बदाम असले तर तू दोन चौकट म्हणायचं. कळलं?" हं. "सही कर." उजवा हात मिरीच्या डोक्याखाली. डाव्या हातात पेन. सही कागदाच्या बाहेर गेली होती.

दुसऱ्यांचे काटे डोळ्यांत तेल घालून तपासणारी बाई, आणि सही केली ती न वाचता.

सिस्टरांनी दोन इस्पिक ठेवलं. डॉक्टर पास. सगळे तराजूकडे बघू लागले.

आता तिला सगळं माहीत होतं. सिस्टरांना वाटतंय हिच्याकडे इस्पिक आहेत. हिच्याकडे आहेत बदाम. सुटायची वाटही समोर होती: तीन बदाम. हळूच, खालच्या पायरीवर. सिस्टरांसारखी बाई एका क्षणात ओळखेल की काहीतरी घोटाळा झालाय, आणि पास म्हणून डाव सावरेल. कुणाला सिद्ध करता येणार नाही. तिसरा क्रमांक राहील. पुढचा शनिवार राहील.

पण हे तिला कळलं होतं सिस्टरांच्या तोंडून, आणि ते वकीलबाईंसाठी होतं.

तिने स्वतःला विचारलं: कान नसते तर? कान नसते, तर तिने बदाम म्हणून थांबायला सांगितलं आहे आणि तरीही आई बोलल्यात. मग लागू होतो नववा करार, बुधवारपासून घोकलेला: थांब म्हटल्यावरही जोडीदार बोलली, तर तिच्याकडे आपल्या रंगाची चार पानं आहेत आणि हात काठोकाठ भरलेला आहे. मग सहा बदाम असलेल्या माणसाने काय म्हणायचं? गेम. चार बदाम. आईंच्या हातात बदाम चार नाहीत, कदाचित दोनच आहेत, हे तिला आतून कळत होतं. काटा साफ खाली जाणार होता.

तिने चार बदाम ठेवले. कान अजून तापलेलाच होता.

"आणि हे?" वकीलबाईंनी विचारलं.

सिस्टर स्वतःच्या पानांकडे बघत म्हणाल्या, "दोन्ही रंग. इस्पिकही पाच, बदामही पाच. त्यातलं मी निवडायचं." आवाज नेहमीचा, थिएटरात बोळे मोजून आकडा सांगतात तसा. त्यांनी पेटीत हात घातला आणि चार इस्पिक ठेवलं.

गेमपर्यंत पोचल्यावर एकीने बदल केला तर तो शेवटचा. तराजू पास म्हणाली.

आता इस्पिक हुकूम, ते आधी म्हणणाऱ्या सिस्टर खेळणार, आणि नियमाने जोडीदाराला, म्हणजे तराजूला, आपली पानं उघडून टेबलावर मांडायची होती. हुकूम सगळ्यात आधी मांडतात. तिने सत्ती ठेवली. तिच्यावर दुर्री ठेवली. मग त्यांच्या शेजारी बदामाची ती लांबलचक रांग, वरपासून खालपर्यंत, कुणी न बोलावलेल्या वरातीसारखी.

वकीलबाई खोकल्या. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"थँक यू, पार्टनर," सिस्टर म्हणाल्या आणि खेळायला लागल्या.

चारच्या बोलीला तेरापैकी दहा हात करावे लागतात. चार कमी पडले. हीच पानं सगळ्या टेबलांवर फिरतात; दुसरीकडे सगळ्यांनी बदाम खेळले होते आणि बहुतेकांचे दहा हात झाले होते.

"तराजूबाई, इस्पिक दोनच?" डॉक्टर म्हणाले.

"विसरले. करार होता, मी विसरले."

वकीलबाईंना नियमाने चालायची सवय. त्यांनी मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी बोल्या बघितल्या, वही मागितली, नववा करार वाचला, मग चिकटलेलं पान नखाने सोडवून सतरावा वाचला. मग तराजूला विचारलं, "दोन इस्पिक ऐकल्यावर तू काय धरलंस?"

"नववा."

"नवव्याने चारच होतात." त्यांनी वही परत दिली. "सिस्टरांनी सांगितला तो अर्थ खरा, हिने धरला तोही खरा. इथे माझं काही काम नाही." जाताजाता थांबले. "वहीला काय लागलंय?"

"केळं," सिस्टर म्हणाल्या.

निकाल लागला तेव्हा दोघी शेवटून दुसऱ्या होत्या. तराजू पिशव्या घेऊन खाली उतरली आणि शिलाई मशीनच्या दुकानासमोर उभी राहिली. काचेतून दिसत होतं, एक बाई जुन्या मशीनच्या सुईत चौथ्यांदा दोरा ओवत होती. वर जिन्याच्या वळणावर डॉक्टर आणि सिस्टर बोलत होते. डॉक्टर वाकून, हात हलवून. सिस्टर कठड्याला धरून, गुडघ्याचा भार एका बाजूला देऊन. शब्द ऐकू येत नव्हते, आणि तराजूने ऐकायचा प्रयत्नही केला नाही. तिने मनात पुढचा शनिवार मांडून पाहिला. दोन वाजता सिस्टर एकट्याच चपला घालतायत. आपण मिरीला घेऊन दारात. "छत्री घ्या, आई."

सिस्टर खाली आल्या. चालायला लागल्या. सायकल दुरुस्तीचं दुकान गेलं, औषधांचं गेलं, कोपऱ्यावरचा सिग्नल आला.

"सतरा विसरलीस."

"हो."

"कधी कळलं तुला?"

"तुम्ही इस्पिक म्हणालात तेव्हा. तुम्हाला?"

"मी इस्पिक म्हटलं आणि तुझा डावा कान लाल झाला. तेव्हाच."

तराजू रस्त्यातच थांबली. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली. "म्हणजे चार बदामांवर तुम्हाला माहीत होतं? की माझे खरंच बदाम आहेत?"

"हो."

"मग पास म्हणायचं की. तुमच्याकडे बदामाचा राजा होता. दहा हात झाले असते."

"झाले असते. मी मोजले तेव्हाच."

"मग?"

"कान वहीत लिहिलेला नाही," सिस्टर म्हणाल्या आणि सिग्नल हिरवा झाला म्हणून रस्ता ओलांडू लागल्या.

पलीकडे पोचेपर्यंत तराजूला हसू आवरेना. आधी तोंड मिटून, मग खांदे हलवून, मग दिव्याच्या खांबाला धरून. सिस्टर पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या आणि त्यांचाही चेहरा सुटत गेला. सत्तीवर दुर्री आठवून दोघी पुन्हा हसल्या. "वकीलबाईंचं तोंड बघितलंस?" सिस्टर म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षांत एकदाच बघितलं होतं तसं. पेशंट टेबलावर घेतला आणि कळलं, ऑपरेशन याचं नाहीच."

मग थोडं चालून त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी मला विचारलं होतं. त्यांच्याबरोबर खेळायला."

तराजूने पिशव्या दुसऱ्या हातात घेतल्या.

"तुला माहितीये. मंगळवारी तू पॅसेजमध्ये होतीस. मिरीची उचकी मला ऐकू येत होती."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तू का नाही विचारलंस?"

"ते माझ्यासाठी नव्हतं."

"हं," सिस्टर म्हणाल्या. "फोन आला तेव्हा बरं वाटलं मला. खोटं कशाला सांगू. पाच महिने घरात बसले होते तेव्हा रोज वाटायचं, आज येईल फोन. तो आता आला. मी हो म्हणणार होते, अगं. जवळजवळ ठरवलंच होतं. तुला सांगायचं कसं एवढंच राहिलं होतं."

"मग सांगितलं का त्यांना?"

"जिन्यात मला म्हणतात, 'सिस्टर, सूनबाईंनी तीन बदाम म्हणायला हवं होतं. निभावून गेलं असतं, कुणाला कळलं असतं?' अगदी प्रेमाने म्हणाले. माणूस वाईट नाही." सिस्टरांनी पर्सचा पट्टा सारखा केला. "अकरा वर्षं मी त्यांच्या समोर बसले. आणि आज जिन्यात उभं राहून मला एकेक डाव आठवायला लागला. कुठे कुठे ते असे हळूच तीन बदाम म्हणाले असतील, आणि मी त्याला त्यांची हुशारी समजले असेन."

"मग?"

"मग काय. म्हटलं, वकीलबाईंच्या जागी दुसरं कुणी बघा. माझी पार्टनर आहे."

घराचा जिना आला. सिस्टर कठडा धरून एकेक पायरी चढत होत्या आणि तराजू एक पायरी मागे, दोन्ही पिशव्या घेऊन, ब्लाउज ओला होत आलेला. दुसऱ्या मजल्यावरून मिरीचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि हे रडणं मात्र तिचंच होतं.

नवऱ्याने दार उघडलं. त्याच्या दोन्ही खांद्यांवर फडकी आणि केसांत केळं. "जिंकलात?"

"शेवटून दुसऱ्या," सिस्टर म्हणाल्या.

"आणि हसताय?"

"तुझ्या बायकोने मला दोन इस्पिकवर गेम खेळायला लावला."

त्याला ब्रिजमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने बाळ पुढे केलं.

तराजू खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. मिरीने दोनचार वेळा डोकं आपटून ठिकाण शोधलं आणि घटाघट प्यायला लागली. सिस्टर हातपाय धुऊन आल्या, खुर्ची ओढून बसल्या, वही मागून उघडली आणि लिहू लागल्या. लिहून झाल्यावर सवयीने त्यांनी पेन सुनेपुढे धरलं. मग स्वतःच मागे घेतलं.

"आत्ता नको. तिचं होऊ दे."

त्या थांबल्या. मिरीचं पोट भरायला पंचवीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ सिस्टर मांडीवर वही ठेवून बसून राहिल्या. मग मिरीला त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं, पाठीवर थापट्या मारत, आणि वही तराजूच्या हातात दिली.

अठरा: बाळाला पाजताना केलेली सही धरली जाणार नाही.

तराजूने एकदा वाचलं. पुन्हा एकदा वाचलं, दुकानातल्या काट्यावर वाकून बघते तसं. "यात 'झोपवताना' पण घाला, आई. तेव्हाही मी शुद्धीवर नसते."

सिस्टरांनी मिरीला एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने ते शब्द वर घुसडले. तराजूने उजव्या हाताने सही केली. मग मागचं पान उलटून सतरावा करार शांतपणे वाचला, केळ्याचा डाग नखाने खरवडला, वाकड्या जुन्या सहीवर रेघ मारली आणि शेजारी नवी केली.

मिरीने ढेकर दिली. सिस्टरांनी वही पालथी केली, पुढून उघडली आणि लिहिलं: सहा वाजून दहा, डावी बाजू, पंचवीस मिनिटं.